माती ओली होती तोवर

रुमेना पायरीवरून पडली ती मिरच्यांपायी. ऑक्टोबर लागला की वारुशा या आमच्या जुन्या वस्तीच्या उतारावर अंगणाअंगणांत लाल, बिनतिखट मिरच्या भाजायला घेतात, सगळ्या गल्लीला तो गोड करपट वास सुटतो, आणि यंदा कुणाच्या मिरच्या गरदार यावरून बायकांची तोंडं आठवडाभर थांबत नाहीत. शेजारणीनं पिशवीभर दिल्या, त्या घेऊन रुमेना खाली येत होती. दगडी पायऱ्या दवानं निसरड्या झाल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं.

अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढवताना तिनं आपल्या वाकड्या बोटांनी नवऱ्याची बाही धरली.

“स्पास, फडकी.”

“काय?”

“अरे, फडकी! उद्या सकाळी सात वाजता. पाणी कोमट घे. घट्ट पिळून लाव, ओघळ येता कामा नये.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि घाबरू नकोस.”

हाड मोडलेली बाई, वय सहासष्ट, आणि हिला काळजी कसली, तर फडक्यांची! स्पासला भर रस्त्यात तिच्यावर ओरडावंसं वाटलं. पण तो ‘बरं’ म्हणाला. गेली कित्येक वर्षं तो तिला ‘बरं’ एवढंच म्हणत आला होता.

फडकी होती यावोरच्या डोक्यावरची. यावोर त्यांचा मुलगा. चौदा वर्षांपूर्वी, तेविसाव्या वर्षी, तो स्पेनमध्ये काचघरांतल्या टोमॅटोच्या कामावर गेला. रुमेना मूर्तिकार, गावातल्या निम्म्या मास्तरांचे आणि डॉक्टरांचे चेहरे तिनं घडवलेले. तो जायचा म्हणून घाईघाईनं तिनं त्याचं डोकं मातीत करायला घेतलं. बस सुटायच्या सकाळीसुद्धा त्याला तासभर खुर्चीत बसवलं. मान तेवढी राहिली. “आलास की मान पुरी करते,” ती म्हणाली, “मग साचेवाल्या दोब्रीला बोलावून प्लास्टरमध्ये ओतून घेऊ.” यावोरनं आठ महिने फोन केले. नंतर केले नाहीत. पोलीस झाले, वकिलात झाली, स्पास दोनदा जाऊन आला. ज्या खोलीत तो राहायचा तिथं दुसरीच सहा माणसं राहत होती, आणि त्यांना यावोर हे नावही ठाऊक नव्हतं.

कच्च्या मातीचं डोकं आठवडाभर उघडं राहिलं तर तडकतं आणि ढासळतं. म्हणून रुमेना रोज फडकी बदलत राहिली. स्पास तिच्या तळघरातल्या कामाच्या खोलीत पुन्हा गेला नाही. रोज सकाळी तो पाणी कोमट करायचा, डबा दाराशी ठेवायचा आणि वर जाऊन खिडकीतून यांत्रा नदीचं वळण रंगवायचा. तो निसर्गचित्रकार. नदी, कडे, कौलं, धुकं. चित्रात माणूस मात्र नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, माणसं हलतात.

आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो आणि नाव छापलेला कागद घराच्या दारावर, गल्लीतल्या खांबांवर चिकटवतात. चाळिसाव्या दिवशी नवा, सहा महिन्यांनी नवा, वर्षानं नवा. सात वर्षं वाट पाहून स्पासनं तसा कागद छापून आणला आणि दारावर लावला. कुठंतरी एकदा रडून मोकळं व्हावं, एवढंच त्याच्या मनात होतं. रुमेनानं कागद बघितला.

“हा कुणाचा फोटो?”

“यावोरचा. कुणाचा असणार?”

“तो आता असा दिसत नाही,” ती म्हणाली आणि कागद नखांनी खरवडून काढला. त्या दिवसापासून दोघं मीठ, सरपण आणि हवा यांच्यापलीकडे फारसं बोलले नाहीत. बायकोचं डोकं फिरलंय, अशी स्पासची खात्री झाली होती. तो तिच्यावर रागावलाही नाही. त्याला नुसता थकवा आला.

तर दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सकाळी सात वाजता तो डबा घेऊन दाराशी थांबला नाही, आत गेला. खोलीत ओल्या मातीचा आणि जुन्या कापडाचा वास होता. उत्तरेच्या खिडकीतून सारखा, सपाट उजेड येत होता. तिवईवर प्लास्टिकचा कागद गुंडाळलेलं डोकं. त्यानं कागद सोडला, मग एकेक फडकं. शेवटचं फडकं निघालं.

तो तेवीस वर्षांचा मुलगा नव्हता. सदतिशीचा पुरुष होता. केस कपाळावरून मागं सरलेले, तोंडाच्या बाजूला खोल घडी, नाक केव्हातरी मोडून वाकडं बसलेलं. पण यावोरच. शंका घ्यायला जागाच नव्हती. स्पासचा बाप उतारवयात असाच एक भुवई चढवून बसायचा.

रुमेनाचं काम, तो मनाशी म्हणाला. बाई दर वर्षी मुलाला म्हातारं करत बसली. मग त्याला तिचे हात आठवले. दोन वर्षं त्या बोटांना ब्लाउजचं बटण लागत नव्हतं. तोच लावून द्यायचा. शिवाय चाळीस वर्षं तो तिचं काम बघत होता. ती अंगठ्यानं माती वर ओढायची, तिच्या प्रत्येक चेहऱ्यावर ते अंगठे दिसायचे. या चेहऱ्यावर अंगठा नव्हता, हत्याराची खूण नव्हती. नुसती त्वचा होती, आणि गालावर बारीक भोकं.

त्यानं फडकी पिळून लावली. ओघळ येऊ दिला नाही.

दुपारी तो सूप घेऊन दवाखान्यात गेला. रुमेना भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“पाहिलंस?”

“पाहिलं.”

“मग? कसा आहे?”

गावाला गेलेल्या पोराची चौकशी करावी तसं. स्पास खुर्चीच्या काठावर बसला. “रुमेना, खरं सांग. हे तू...”

तिनं दोन्ही हात त्याच्या नाकासमोर धरले. “ह्या हातांनी? शुद्धीवर आहेस ना?”

“कधीपासून चाललंय?”

“तिसऱ्या हिवाळ्यापासून. आधी मला वाटलं माती बसतेय. मग एका रात्रीत नाक मोडलं. मी आठवडाभर रडत होते. आणि मग टाळक्यात प्रकाश पडला की, अगं बाई, नाक मोडायला माणूस जिवंत लागतो!” ती हसली. स्पासनं तिला केव्हा हसताना पाहिलं होतं, त्यालाच आठवेना. “पाचव्या वर्षी फार वाळला होता. नंतर सुधारला. एका मे महिन्यात आठवडाभर हसत होता. कुणी भेटली असेल. मी विचारायचे, तो काय सांगणार!”

“मला सांगितलं नाहीस.”

“तू कागद छापून आणलास रे. कुठल्या तोंडानं सांगणार होते?”

स्पासनं सुपाचा डबा उघडला. त्यानं तिला चमच्यानं सूप भरवलं, आणि तिनं निमूटपणे भरवून घेतलं.

आता स्पास काही भोळाभाबडा माणूस नव्हता. बुधवारपासून त्यानं शहानिशा सुरू केली. फडक्यांवरून दोरा बांधून गाठीवर मेण थापलं. सकाळी मेण जसंच्या तसं. मग परकार घेऊन मापं काढली: गालाच्या हाडांमधलं अंतर, कपाळ, ओठांची रुंदी. रोज पेन्सिलीनं डोक्याचं चित्र काढून खाली तारीख टाकली. शनिवारी उजव्या भुवईवर खरचटल्याची रेघ होती. ती शुक्रवारच्या चित्रात नव्हती. रविवारी तिच्यावर खपली धरलेली होती. मेण अभंग.

त्याला भीती वाटायला हवी होती. वाटला तो आनंद, असा की त्याची त्यालाच लाज वाटली. पोरगा कुठंतरी होता. कशालातरी धडकला होता आणि बरा होत होता! स्पास तासन् तास खाली बसायला लागला. कौलं गळतात, रेल्वे बोगद्यात पुन्हा पाणी साचलं, कोपऱ्यावरच्या खानावळीनं खारीसारख्या बानित्सात चीज कमी केलं. जे सुचेल ते सांगायचा. इतक्या वर्षांचं ‘बरं’ साठलेलं होतं, ते सगळं बाहेर पडत होतं. त्या आठवड्यात त्यानं नदीच्या वळणावर, पुलाच्या टोकाशी, एक माणूस रंगवला. करंगळीच्या नखाएवढा.

दुसऱ्या सोमवारी गाल बसले.

परकारानं सांगितलं, तीन मिलिमीटर. माती वाळली की आकसते हे त्याला माहीत होतं. पण आकसली तर सगळीच आकसते. कपाळाचं माप तर जागच्या जागी होतं. मंगळवारी डोळ्यांखाली खड्डे पडले. ओठांचे कोपरे फाटले. त्यानं फडकी दिवसातून तीनदा बदलली, पाणी वाढवलं. बुधवारी सकाळी शेवटचं फडकं काढताना ते तोंडाच्या जागी जरासं आत ओढलेलं दिसलं. ओलं कापड चिकटतंच, असं त्यानं स्वतःला समजावलं. मानेपाशी बोटभर लांब चीर गेली होती, आणि तिच्यातून आतली गंजकी सळई दिसत होती.

“कसा आहे?” रुमेनानं विचारलं. तिच्यावर शस्त्रक्रिया झाली होती, सोमवारी घरी सोडणार होते.

“मजेत,” स्पास म्हणाला.

“खातोय ना? गाल कसे आहेत?”

“भरलेत उलट.”

परतताना तो टेकडी चढता चढता दोनदा बसला. पोरगा कुठंतरी मरत होता, आणि तो इथून काय करू शकत होता? फडकी पिळू शकत होता. कुणाला फोन करणार, काय सांगणार? की माझ्या तळघरातला चेहरा वाळतोय, तेव्हा आख्ख्या स्पेनमध्ये शोधा? आणि सोमवारी रुमेना येणार. डोकं तोवर ढासळलं तर तिला काय दाखवणार होता?

तिथं, टेकडीवर बसल्या बसल्या, त्याला ते सुचलं. मूर्तिकाराच्या घरात चाळीस वर्षं काढलेल्या माणसालाच ते सुचू शकतं. माती धोक्यात आली की ती प्लास्टरमध्ये ओतून वाचवायची, हे अशा घरात मुलांनाही माहीत असतं. प्लास्टर वाळत नाही, खंगत नाही. आज जसा आहे तसा राहील. याहून वाईट होणार नाही. त्याला इतकं सुटल्यासारखं वाटलं की तो उरलेली वाट जवळजवळ पळत गेला.

दोब्री गुरुवारी सकाळी आला. गावातल्या सगळ्या मूर्तिकारांचे साचे पन्नास वर्षं यानंच काढलेले. पंचाहत्तरीचा, कानात पांढरे केस, जीभ तिखट.

“काय रे रंगाऱ्या, अखेर बायकोनं परवानगी दिली म्हणायची?”

“तिला माहीत नाही. आली की दाखवीन.”

“म्हणजे मार खाणार आहेस तर.” त्यानं फडकं काढलं. चेहऱ्याभोवती एक फेरी मारली. “हा यावोर? मला तो पोरगेला आठवतो.”

“काम करत राहिली ती.”

“आजारी माणसाचं डोकं केलंय तिनं.” दोब्रीनं जीभ टाळ्याला लावून आवाज केला. “पण काय केलंय! ठरलं ना नक्की? चेहऱ्याची माती मग राहणार नाही, माहीत आहे ना. प्लास्टर चढवायचं, घट्ट झालं की सोडवायचं, आतली माती खरवडून फेकायची. मग पोकळीत नवं ओतायचं आणि वरचं फोडून काढायचं. नंतर माझ्या नावानं खडे फोडू नका.”

“ठरलं,” स्पास म्हणाला.

अकरा वाजता दोब्रीनं पहिला थर कालवला. त्यात निळा रंग घालतात. फोडताना निळं लागलं की चेहरा जवळ आला, जपून, असं कळावं म्हणून. तो बोटांनी चेहऱ्यावर प्लास्टर उडवू लागला. आधी कपाळ, मग डोळे. मग वाकून, गाल फुगवून फुंकर मारत त्यानं ते नाकपुड्यांत आणि ओठांच्या फटीत बसवलं. बारीक जागा रिकामी राहता कामा नये. ओठ मिटलेले होते. स्पासनं ते शेवटचे पाहिले.

वरून पांढरा जाड थर चढला. आता नुसता एक गोळा होता. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. स्पासनं त्यावर तळहात ठेवला. ऊब बरी वाटली. वाचला, असं तो मनात म्हणाला.

“वीस मिनिटांत गार पडेल,” दोब्री म्हणाला. “कॉफी टाक.”

कॉफी झाली. साडेअकरा वाजले. प्लास्टर गरमच होतं.

बाराला दोब्रीनं हात लावून पाहिला आणि विजारीला पुसला. “प्लास्टरचं पोतं जुनं असेल,” तो पुटपुटला. स्पासनं तळहात काढला नाही.

एकच्या सुमारास ते गार झालं. हळूहळू नाही. एकदम.

त्यांनी साचा सोडवला. दोब्री माती खरवडत होता आणि बादलीत टाकत होता. माती मऊ आणि निर्जीव होती, कुठल्याही मातीसारखी. पोकळीतल्या उलट्या चेहऱ्यावरून काही ओळखू येत नव्हतं; दोब्रीनं त्यात नवं प्लास्टर ओतलं आणि तो गेला.

शनिवारी तो फोडायला आला. छिन्नी हलकी धरून, टिचक्या मारत. पांढरं गेलं. निळं दिसू लागलं. हनुवटीपाशी एक निळी ढलपी पडली, मग दुसरी.

दोब्रीचा हात थांबला.

“स्पास.”

“काय झालं?”

“मी त्या ओठांवर फुंकर मारली होती. मिटलेले होते. तू होतास ना इथं?”

स्पास जवळ आला.

तोंड उघडं होतं. पुरतं उघडं. डोळे गच्च आवळलेले, नाकाच्या मुळाशी आठ्यांची जाळी, मानेच्या शिरा ताठ.

दोब्रीनं छिन्नी टेबलावर ठेवली. छातीवर क्रूस काढला. हत्यारांची पिशवी तिथंच सोडून तो पायऱ्या चढून गेला. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

उरलेलं स्पासनं एकट्यानं फोडलं. मध्येच थांबावं, हातोडी घालून सगळ्याचा चुरा करावा, असं त्याच्या मनात पुन्हा पुन्हा येत होतं. त्याच्याच्यानं ते झालं नाही. पोराचा चेहरा होता.

रविवारी तो आरशासमोर उभा राहिला. चेहऱ्यावरचा भाव कळत नसला की चित्रकार तो स्वतःच्या तोंडावर आणून बघतात. त्यानं जबडा तसा पाडला, डोळे तसे आवळले. ओरडण्याचा प्रयत्न केला. ओठ जुळेनात, ओरडताना ते पुढं येतात. हाक मारून पाहिली, जुळेनात. मग त्यानं श्वास आत ओढला, जोरात, आणि आरशातलं तोंड हुबेहूब तसं झालं.

सोमवारी रुमेना आली. चाकं लावलेल्या वॉकरला आणि पायऱ्यांवर स्पासच्या खांद्याला धरून, एकेक पाऊल टाकत, थेट खाली. स्पासनं अडवलं नाही. तिला अडवण्याचा हक्क आपल्याला उरलेला नाही, हे त्याला कळत होतं. त्यानं रस्त्यातच सांगून टाकलं होतं: चीर पडली, ढासळणार होतं, म्हणून ओतून घेतलं.

पांढरं डोकं तिवईवर होतं. ती त्याच्यासमोर उभी राहिली. रडली नाही. हाताची बोटं उघडत नव्हती, म्हणून मनगटानंच तिनं त्याचं कपाळ चाचपलं, मग गाल, मग तोंडाची कड.

“काय म्हणतोय हा?” तिनं विचारलं.

स्पासला खरं माहीत होतं. ते तो जन्मात तिला सांगणार नव्हता.

“हाक मारतोय,” तो म्हणाला. “तुला हाक मारतोय, रुमेना.”

“मला नाही.” तिनं मान वळवली नाही. “मी ऐकली ना. गुरुवारी, दवाखान्यात. शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हटलंसुद्धा, माझा मुलगा ओरडतोय, तुम्हाला ऐकू येतंय का? ती बिचारी नर्सला बोलवायला लागली. अकराला सुरू झालं. मला एकदाही नाही मारली. सारखी तुलाच हाक मारत होता.”

खोलीत बादलीतली माती वरून पांढुरकी पडली होती.

“एक वाजेपर्यंत मारत होता,” रुमेना म्हणाली. “तू घरी नव्हतास का रे?”